तिसऱ्या संत्र्यापासून सगळे कारकून

बी.कॉम. झालेल्या माणसाने भौतिकशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा कायदा कुठेही नाही. उलट नागपूरचा दाखला माझ्या बाजूने आहे. सी. व्ही. रामन १९०७ साली कलकत्त्याला रुजू झाले ते अर्थखात्यात, सरकारी हिशेब सांभाळायला. पुढे बदल्यांच्या फेऱ्यात ते रंगूनला गेले आणि काही काळ आमच्या नागपुरातही होते. गांधीसागरजवळ त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे. तिथे शाळेच्या सहली येतात आणि पोरं दिसेल ते बटण दाबून पळतात. सरकारी हिशेब सांभाळून माणूस नोबेलपर्यंत जातो, तर खाजगी हिशेब सांभाळून त्याने निदान संगणकावर चार संत्री पाडायला हरकत नसावी. रामन यांच्याकडे भौतिकशास्त्राची एम.ए. होती आणि माझ्याकडे दहावीचं गणित आहे, एवढा तपशिलाचा फरक सोडून द्या.

हा उद्योग मे महिन्यातच सुचतो. तेव्हा बाजारात संत्री नसतात. मृग बहार आटोपलेला असतो आणि अंबिया अजून झाडावर हिरवा असतो. पिकलेलं असतं ते फक्त ऊन. २०१३ सालच्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हा आकडा आम्ही परगावच्या पाहुण्याला सांगतो तेव्हा तो चढवण्यात आमचाही हात असावा असं वाटतं. अशा दुपारी कुलरसमोर बसून पडद्यावर एक केशरी गोळा सोडायचा. तो खऱ्या संत्र्यासारखा पडावा, आपटावा, उसळावा, घरंगळावा. एक जमलं की शंभर सोडायची, शंभर जमली की कळमना मार्केटात ओततात तसा अख्खा ढीग. जाणकार याला पार्टिकल सिम्युलेशन म्हणतात. आमच्या घरी याला ‘ह्यांचं काहीतरी’ म्हणतात.

भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि उन्हाळ्यात आमच्याकडेच असतो, कारण आमचा कुलर मोठा आहे.

“मामाजी, काय करून राहिले?”

“संत्रे पाडून राहिलो.”

“त्याले डिफरन्शियल इक्वेशन लागते. तुमचं मॅथ्स कुठवर झालं?”

“दहावी. मंग कॉमर्स.”

तो काही बोलला नाही. फक्त कुलरचं तोंड माझ्याकडून स्वतःकडे वळवून घेतलं.

नंतर मात्र दया येऊन त्याने कागदावर सगळा प्रकार मांडून दाखवला, आणि मला हसू आवरेना. प्रत्येक संत्र्याच्या नावाने दोन खाती: एक जागेचं, एक वेगाचं. सेकंदाचे ६० भाग करायचे. दर भागाला गुरुत्वाकर्षण वेगाच्या खात्यात ठरलेली रक्कम जमा करतं आणि वेग जागेच्या खात्यात आपला हप्ता भरतो. आरंभीची शिल्लक अधिक जमा बरोबर अखेरची शिल्लक, आणि तीच पुढच्या भागाची आरंभीची शिल्लक. मी उभ्या नोकरीत दुसरं केलं काय? ऑयलर या थोर गणितज्ञाने ही पद्धत १७६८ साली ग्रंथात छापली. आमच्या हेडक्लार्कने ती मला पहिल्याच आठवड्यात शिकवली, आणि वर “खर्ऱ्याचे हात वहीला लावू नको” असंही सांगितलं, जे ऑयलरच्या ग्रंथात नाही. भाच्याचं कॅल्क्युलस म्हणजे हेच हप्ते अनंत बारीक केले तर काय होईल, याचा विचार. कारकुनाला अनंतात रस नसतो. त्याला महिनाअखेर गाठायची असते.

पहिली अडचण आली ती गणिताची नव्हे, अस्मितेची. शून्य म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर झिरो माइल येतं, आणि झिरो माइल म्हणजे देशाचा मध्य. तिथल्या १९०७ सालच्या दगडावर खरं तर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, पण तेवढ्यासाठी आम्ही देशाचा मध्य सोडणार नाही. संगणकाच्या पडद्याचं शून्य मात्र मध्यात नसतं. ते वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे साधारण काश्मीरच्याही पलीकडे असतं, आणि खाली यावं तसतसा आकडा वाढत जातो. म्हणजे संत्रं जसजसं पडेल तसतशी त्याची शिल्लक फुगणार. पडझडीत फुगणारी शिल्लक पाहिली की हिशेबनिसाच्या पोटात गोळा येतो.

दुसरी अडचण चलनाची. दहावीचा माणूस गुरुत्वाकर्षण म्हटलं की डोळे मिटून ९.८ लिहितो. लिहिलं की संत्रं सुटतं आणि अतिशय सावकाश खाली यायला निघतं. ६०० ठिपके उंचीवरून जमिनीला टेकायला त्याला ११ सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस कुलरमध्ये बादलीभर पाणी ओतून परत येतो. कारण ९.८ हे मीटरमध्ये असतं आणि पडदा ठिपक्यांत मोजतो. १०० ठिपक्यांना एक मीटर असा दर ठरवून ९८० लिहिलं की तेच संत्रं १.१ सेकंदात आपटतं. ताळेबंदाच्या डोक्यावर ‘रक्कम लाखांत’ असं का छापतात, हे भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही कदाचित सायन्सला गेलो असतो.

संत्रं जन्मभर उसळत राहू नये म्हणून दर भागाला त्याच्या वेगाला ०.९८ ने गुणायचं असतं. हा आकडा कुठून आला असं विचारू नये. हौशी माणसांच्या प्रोग्रामांत तो हमखास असतो आणि त्यामागचं कारण हमखास नसतं. मला मात्र तो पाहताक्षणी ओळखीचा वाटला: हा घटत्या शिलकेवरचा घसारा, दर हप्त्याला दोन टक्के. सेकंदाला ६० हप्ते धरले तर सेकंदाअखेर वेगाचे ३० टक्के उरतात. पण संगणक जुना असेल आणि सेकंदाला ३० वेळाच हिशेब करत असेल तर ५५ टक्के उरतात. आणि गेम खेळणाऱ्या पोरांच्या सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर जेमतेम साडेपाच. थोडक्यात, ज्याचा संगणक महाग त्याच्या घरची हवा दाट. घसारा नोंदी मोजून नव्हे, कालावधी मोजून लावायचा असतो. हे कॉमर्सला शिकवतात. भाच्याला नवीन होतं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. मी त्याला तारीखही टाकायला लावली.

मग संत्रं स्प्रिंगला टांगलं, आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. जागेच्या खात्यात वेगाचा हप्ता भरताना वेगाची कालची शिल्लक धरायची की आजची? माणसाला वाटतं, साठाव्या भागाने काय बिघडतं! कालची धरली तर प्रत्येक हप्त्याला झोक्याची ऊर्जा त्याच त्या प्रमाणात वाढत जाते. म्हणजे सरळ चक्रवाढ व्याज. ठेव कोणी ठेवलेली नाही, व्याज मात्र चालू. बघता बघता संत्रं पडद्याबाहेर, मग जिल्ह्याबाहेर जातं. ओळींचा क्रम उलटा केला, आधी वेगाचं खातं बंद करून त्याची ताजी शिल्लक जागेच्या खात्यात नेली, की तोच झोका शहाण्यासारखा आपल्या हद्दीत हलत राहतो. बदल एवढाच: खालची ओळ वर, वरची खाली. ॲलन क्रोमर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८१ साली यावर शोधनिबंध लिहिला. आणि हा क्रम त्यांच्या नजरेस आला तो एका शाळकरी मुलीच्या प्रोग्राममधून. शाळेच्या गणितावर निघालेला मी काही पहिला प्रवासी नव्हे.

हप्त्याहप्त्यांच्या मधल्या काळात काय घडलं, हे मात्र कोणत्याच वहीला ठाऊक नसतं. समजा भिंत १० ठिपके जाड आहे, संत्रं ४० ठिपके रुंद आहे आणि ते सेकंदाला ४,२०० ठिपके या वेगाने निघालं आहे. म्हणजे एका हप्त्यात ७०. एका नोंदीत ते भिंतीच्या अलीकडे दिसतं, पुढच्या नोंदीत पलीकडे. भिंतीला ओरखडा नाही. दोन्ही नोंदी बिनचूक, व्यवहार संशयास्पद. अशी प्रकरणं मी नोकरीत पाहिलेली आहेत. त्यांत संत्री नव्हती.

एकट्या संत्र्याचं हे असं. दुसरं आलं की न्यूटनचा तिसरा नियम लागू होतो: टक्कर झाली की जेवढा धक्का एकाला नावे, तेवढाच दुसऱ्याला जमा. हा नियम वाचताना भाच्याचा चेहरा गंभीर होतो. मी त्याला सांगितलं की न्यूटनचा ग्रंथ १६८७ सालचा, आणि लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने द्विनोंदी पद्धत छापली ती १४९४ साली. म्हणजे तिसरा नियम कॉमर्सवाल्यांकडे १९३ वर्षं आधी आलेला होता. आम्ही गाजावाजा केला नाही, इतकंच. आणि तो पाळला नाही तर काय होतं, हेही पडद्यावर लगेच दिसतं. धक्क्याची एकेरी नोंद ठेवली की सगळा ढीग कोणी न ढकलता बुटीबोरीच्या दिशेने सरकायला लागतो.

धक्का कोणत्या दिशेने द्यायचा, हे ठरवायला पायथागोरस लागतो. दहावीच्या परीक्षेत पाच गुणांना विकला गेलेला हा माणूस सेकंदाला हजारो वेळा कामाला येतो. आडवं अंतर, उभं अंतर, वर्ग, बेरीज, वर्गमूळ; मग त्या वर्गमुळाने भागायचं. सगळं सुरळीत चालतं, फक्त दोन संत्री नेमकी एकाच जागी अवतरली तर अंतर शून्य येतं आणि शून्याला शून्याने भागायची वेळ येते. कागदावर इथे आपण पेन खाली ठेवतो. संगणक ठेवत नाही. १९८५ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे तो ‘नॅन’ असं उत्तर देतो. अर्थ: ही संख्याच नव्हे. ही रक्कम कशातही मिळवा, बेरीज नॅन. तिची तुलना तिच्याशीच करा, उत्तर येतं: जुळत नाही. एका संत्र्याला ती लागली की त्याला जो शिवेल त्याला लागते, आणि क्षणभरात सगळा ढीग पडद्यावरून नाहीसा होतो. तक्रार नाही, आवाज नाही. रकमेच्या जागी ‘मागील पान पाहावे’ आणि मागचं पान फाटलेलं, असा प्रकार. उपाय बाबू लोकांचाच आहे: भागायच्या आधी खात्यात काही आहे का ते पाहावं.

आता ढीग. १०० संत्री असतील तर कोण कोणाला भिडलं हे पाहायला ४,९५० जोड्या तपासाव्या लागतात. १,००० असतील तर ४,९९,५००. संत्री दहापट, चौकशा शंभरपट. आणि हे सेकंदाला ६० वेळा, म्हणजे जवळजवळ तीन कोटी. लॅपटॉपचा पंखा कुलरच्या आवाजावर मात करतो आणि खोलीत ४८ वा अंश गाठण्याचा मान आपल्याला मिळतो की काय असं वाटू लागतं. यावरचा तोडगा महानगरपालिकेला माहीत असलेला आहे: वॉर्ड पाडा. पडद्याच्या चौकटी करायच्या आणि प्रत्येक संत्र्याने स्वतःची चौकट आणि लागून असलेल्या आठ, एवढ्यांचीच विचारपूस करायची. इतवारीतल्या संत्र्याने धरमपेठेतल्या संत्र्याशी आपली टक्कर झाली का, हे विचारत हिंडायचं कारण नाही.

तरी तळातली संत्री थरथरत राहतात. गुरुत्वाकर्षण हप्ता भरायचा थांबत नाही आणि जमीन तो परत करायची थांबत नाही. सगळी देवघेव दिडकीची, पण अखंड. एरिन कॅटो यांनी केलेलं बॉक्स-टूडी नावाचं इंजिन, ज्यावर ‘अँग्री बर्ड्‌स’चा खेळ उभा राहिला, यावर सरळ उपाय करतं. जी वस्तू बराच वेळ हललेली नाही तिला झोपवतं. तिचा हिशेब बंद. कोणी येऊन धडकलं तरच उठवायचं. हा भाग भाच्याला दोनदा वाचावा लागला. मे महिन्याच्या दुपारी सव्वादोन वाजता मला तो एका वाचनात समजला.

ढिगाचं गणित ही मात्र लहान गोष्ट नव्हे. सारख्या आकाराचे गोळे रचले तर जास्तीत जास्त किती जागा भरता येते? फळवाला रचतो तसे रचले तर ७४ टक्क्यांच्या किंचित वर, याहून दाट रचना नाही, असं केप्लरने १६११ साली म्हणून ठेवलं. सिद्ध करायला १९९८ साल उजाडलं. टॉमस हेल्स यांनी संगणकाची मदत घेऊन सिद्धता दिली. ती तपासायला १२ परीक्षक बसले, वर्षानुवर्षं बसले, आणि शेवटी म्हणाले की सिद्धता बरोबर असल्याची आम्हाला ९९ टक्के खात्री आहे. ऑडिट म्हणजे काय हे ज्याने भोगलं आहे, त्यालाच या शेऱ्याची चव कळेल. हेल्सही खरा हिशेबी माणूस. उरलेल्या एक टक्क्यासाठी त्यांनी संगणकाकडून ओळ न्‌ ओळ तपासून घेतली आणि २०१४ साली खातं पूर्ण बंद केलं.

एवढं सगळं झाल्यावर भाच्याने हुकमाचं पान काढलं.

“मामाजी, तुमचं हे अंदाजपंचे हाय. आमच्याकडे फॉर्म्युला असते. दोन ग्रह एकमेकाले ओढून राहिले, तं हजार वर्षांनी कुठं असतीन ते मी एका ओळीत काढून देतो.”

“मंग तिसरा टाक.”

तो गप्प झाला. दोन गोल एकमेकांना ओढत असतील तर न्यूटनच्या काळापासून सूत्र आहे. तिसरा आला की कामाला येईल असं सर्वसाधारण सूत्र कोणाकडेच नाही. स्वीडनच्या ऑस्कर राजाच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त या कोड्यावर बक्षीस लावलं होतं. १८८९ साली ते फ्रान्सच्या पाँकारे यांना मिळालं: २,५०० क्राउन. निबंध छापून झाल्यावर त्यात चूक सापडली. छापलेले अंक परत घ्यावे लागले, नव्याने छपाई झाली आणि तिचे ३,५८५ क्राउन पाँकारे यांनी भरले. म्हणजे तिसऱ्या संत्र्याला हात घातल्याबद्दल त्या काळच्या एका थोर गणितज्ञाला १,०८५ क्राउनांचा निव्वळ तोटा. त्या दुरुस्तीतून त्यांना जे गवसलं, त्यातून पुढे केऑसचं शास्त्र निघालं हे खरं, पण ते नफातोटा पत्रकात दाखवता येत नाही.

तेव्हापासून परिस्थिती अशी आहे की, दोन संत्र्यांपर्यंत शिकलेला आणि न शिकलेला यांत फरक आहे. तिसऱ्यापासून सगळे कारकून. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेत आर्गॉनचेच ८६४ अणू संगणकात सोडून द्रव कसा वागतो ते पाहिलं. त्या विद्येचे ते जनक मानले जातात. तीन वर्षांनी फ्रान्सच्या लू व्हर्ले यांनीही ८६४ अणूच घेतले आणि वेगाचं खातंच बंद केलं: मागची शिल्लक आणि आताची शिल्लक यांतला फरक पाहा, वेग कळतो. या थोरांना पुढचं गणित येत होतं, मला येत नाही. पण अणू कुठे गेला हे कळायला त्यांनाही हप्ता हप्ता पुढे सरकावं लागलं. गणिताचा उपयोग त्यांना वही लिहिण्यापेक्षा वहीवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवायला जास्त झाला असावा, आणि तो उपयोग मोठा आहे. माझ्याकडे तेवढ्यासाठी भाचा आहे.

या वर्षी त्याला मिनी प्रोजेक्ट होता. विषय निवडायच्या शेवटच्या दिवशी तो माझ्या लॅपटॉपजवळ घुटमळायला लागला.

“मामाजी, ते संत्रे द्या ना.”

“घेऊन जा.”

“अन व्हायवात विचारलं का ही मेथड कोणाची, तं काय सांगू?”

चौकशी केली होती मी. आधी वेगाचं खातं आणि मग जागेचं, या पद्धतीला कोणी सिम्प्लेक्टिक ऑयलर म्हणतात, कोणी सेमी-इम्प्लिसिट ऑयलर, कोणी ऑयलर-क्रोमर.

“तिले तीन नावं हाय. सर जे म्हणतीन त्याले हो म्हण.”

त्याला चांगले गुण मिळाले. ते त्याच्या खात्यात जमा झाले आहेत. द्विनोंदी पद्धतीप्रमाणे तेवढेच गुण कोणाच्या तरी नावे पडायला हवेत. ते खातं अजून सापडलेलं नाही. तूर्त सस्पेन्सला टाकले आहेत.